पऱ्हाटीवरचा कापूस आणि पाच हजारांची रेघ



कापूस पऱ्हाटीवर असताना रात्री कोणी वेचून नेला, तर चोराला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद. तोच कापूस वेचून गाडीत भरला आणि गाडीतून चोरला, तर सात वर्षांपर्यंत. घरात किंवा व्यापाऱ्याच्या वखारीत पडला आणि तिथून गेला, तरी सात वर्षांपर्यंत. कापूस एकच आहे. पण आमचा माल आभाळाखाली असतो तोवर कायद्याच्या लेखी तो हलका, आणि छपराखाली गेला की भारी.

१ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या वेळचा १८६० चा दंड कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता आली. साध्या चोरीचे जुने कलम ३७९ आता ३०३ मध्ये आहे. घरातल्या चोरीचे ३८० आता ३०५ झाले आणि ते वाढवलेही. राहते घर आणि माल ठेवण्याची इमारत त्यात आधीपासून होती. नव्याने वाहन आले, वाहनातला माल आला, देवळातली मूर्ती आली, सरकारची आणि स्थानिक संस्थांची मालमत्ता आली. एवढी यादी करताना उभ्या पिकाची आठवण कोणाला झाली नाही.

ठाण्यात कधी कधी असेही ऐकवतात की उभे पीक म्हणजे जमिनीचाच भाग, त्याची चोरी कशी होईल? हे अर्धे खरे आहे. चोरी जंगम वस्तूची होते, आणि जमिनीला चिकटलेली वस्तू जंगम नव्हे, असे कायदा म्हणतो. पण पुढच्याच ओळीत तो हेही सांगतो की वस्तू जमिनीपासून वेगळी केली की तिची चोरी होऊ शकते, आणि तोडणे व हलवणे एकाच झटक्यात झाले तरी ती चोरीच. दुसऱ्याच्या जमिनीतले झाड लबाडीने नेण्यासाठी तोडले की तोडताक्षणी चोरी झाली, हे उदाहरण खुद्द कायद्यातच छापलेले आहे. बोंडातून कापूस ओढला, कणीस खुडले, की झाली चोरी. हे ठाणेदाराला अदबीने पण ठासून सांगावे.

आता खरी गोम. जुन्या कायद्यात चोरी कितीही रुपयांची असो, ती दखलपात्र होती. नव्या कायद्यात पाच हजारांची रेघ ओढली आहे. माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. याला आमची हरकत नाही. पोटासाठी ओटीभर कापूस किंवा चार कणसे नेणाऱ्याला तुरुंगात सडवावे, असे आम्ही कधीच म्हटले नाही. पण त्याच्या जोडीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ही चोरी अदखलपात्र करून टाकली. अदखलपात्र म्हणजे कलम १७४ प्रमाणे पोलीस वहीत नोंद घेणार आणि तुम्हाला दंडाधिकाऱ्याकडे पाठवणार. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास करायचा नाही.

चोर माहीत असता तर गोष्ट वेगळी. रात्री शेतात कोण शिरले हेच ठाऊक नसते. तपास झाल्याशिवाय चोर सापडत नाही, चोर सापडल्याशिवाय तो पहिल्यांदा आला की दहाव्यांदा हे कळत नाही, आणि तपासाचे दार तर आधीच लावून घेतलेले. शिक्षा हलकी करायची तर खुशाल करा, पण त्यासाठी तपास बंद करायचे कारण काय?

पाच हजार म्हणजे किती, तेही बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. त्या भावाने ६४ किलो कापूस पाच हजारांच्या आत बसतो. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९. म्हणजे सव्वा क्विंटल ज्वारी गेली तरी रेघ ओलांडत नाही. चार-पाच जण मिळून चांदण्या रात्री ६४ किलो सहज वेचतील. परवा पुन्हा येतील, शेजारच्या धुऱ्यापलीकडे. प्रत्येक शेतकऱ्याची नोंद वेगळी, प्रत्येक नोंद पाच हजारांच्या आत. विहिरीवरच्या केबलचेही तेच. तांब्याच्या तारेची किंमत कमी भरते. ती गेल्यामुळे बोंडे भरताना द्यायचे एक पाणी चुकले, त्याची किंमत कोणी धरत नाही.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस आपल्याच गाडीतून राज्याच्या हद्दीपलीकडे नेणे हा गुन्हा होता. तो अडवायला मनुष्यबळ होते!

गंमत अशी की शेतमालाची विशेष काळजी घ्यायला कायदा अगदीच नकार देतो असेही नाही. आग लावून नुकसान करण्याच्या जुन्या कलमात, ४३५ मध्ये, इतर मालाला शंभर रुपयांची अट होती आणि शेतमालाला फक्त दहा रुपयांची. उघड्यावरच्या मालाला जास्त राखण लागते, एवढे त्या साहेबालाही कळले होते. आजही गंजी पेटवली तर ३२६ कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेतातली तीच गंजी उचलून नेली तर तीन.

चोरीपेक्षा मोठी लूट चुकारा बुडवून होते. व्यापारी कापूस नेतो, चिठ्ठी देतो आणि बेपत्ता होतो. ठाण्यात म्हणतात, हे दिवाणी आहे. दरवेळी ते खोटे नसते, हेही समजून घ्या. दिल्लीच्या रेस क्लबला घोड्यांचा दाणा पुरवणाऱ्याचे पैसे थकले, त्याने विश्वासघाताची फिर्याद केली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. माल विकला की मालकी गेली. मग राहते ती उधारी, सोपवलेली ठेव नव्हे. फसवणूक म्हणायची तर सौदा करतानाच देण्याची नियत नव्हती हे दाखवावे लागते: खोटे नाव, खोटा पत्ता, बंद खात्याचा चेक. ते दाखवता आले तर कलम ३१८, सात वर्षांपर्यंत.

म्हणून चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचा. "भाव नंतर फाडू" म्हणून जिनिंगमध्ये कापूस टाकला असेल, तर तो ठेवायला दिला की विकला, हे शब्दांत यायला हवे. ठेवलेला कापूस परस्पर विकला तर ३१६ प्रमाणे विश्वासघात, पाच वर्षांपर्यंत. अडत्याने तुमच्या वतीने विकून पैसे दाबले, तर त्याच कलमात दहा वर्षे किंवा जन्मठेपेपर्यंत तरतूद आहे. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवसांची मुदत. तीही टळली तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. या तारखा चुकवून पुढाऱ्याच्या दारात बसण्यात अर्थ नाही.

केबल किंवा मोटार कुलूपबंद खोलीतून गेली असेल, तर फिर्यादीत "माल ठेवण्याची खोली" आणि "कुलूप तोडून" हे शब्द लिहवून घ्या, म्हणजे ३०५ आणि घरफोडी लावण्याचा आग्रह धरता येतो. तिथे पाच हजारांची रेघ नाही. दखलपात्र गुन्हा असूनही फिर्याद घेतली नाही, तर कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकाला लेखी कळवा, त्यानंतर दंडाधिकारी. फिर्यादीची प्रत फुकट मिळते.

दंड कायदा हा समवर्ती सूचीतला विषय आहे. राज्याची विधानसभा राष्ट्रपतींची मंजुरी घेऊन त्यात दुरुस्ती करू शकते, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला सुटता येणार नाही. उभे पीक, खळ्यावरचा माल आणि विहिरीवरची यंत्रसामग्री ३०५ च्या यादीत घालावी, आणि शेतातल्या चोरीचा तपास रकमेवर अडवू नये, असा ठराव जिल्हा बैठकीत मांडायचा आहे. येताना गावातल्या गेल्या दोन हंगामांतल्या चोऱ्यांची टिपणे आणा: तारीख, माल, वजन आणि ठाण्यातून मिळालेला कागद.