कंदील वाकडाच राहू दे

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुले घरी येतात, दप्तर कोपऱ्यात फेकतात आणि दुसऱ्याच दिवशी सकाळपासून ‘आई, आता काय करू?’ हे पालुपद सुरू होते. इकडे आपण चकलीच्या भाजणीचे धान्य धुऊन वाळत घातलेले असते, माळ्यावरचे डबे खाली आलेले असतात, पडदे भिजत असतात. अशा वेळी मुलांना घेऊन कंदील करायला बसायचे म्हणजे कामात आणखी काम. त्यापेक्षा बाजारातून आणलेला बरा, असे वाटणे साहजिक आहे. मैत्रिणींनो, तरीही बसावे असे मी सांगणार आहे. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

आमची धाकटी तेव्हा तिसरीत होती. तिने हट्टाने चांदणीचा कंदील करायला घेतला. दोन दिवस खपली. पाच टोकांपैकी दोन आखूड झाली, पतंगी कागदाला सुरकुत्या पडल्या, एका ठिकाणी फाटलेल्या कागदावर वेगळ्याच रंगाचे ठिगळ लागले. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री ती झोपल्यावर मला राहवले नाही. पाहुणे येणार, दारात हे कसे टांगायचे? मी सगळा कागद काढला, गाठी सोडून टोके सारखी केली आणि नवा कागद ताणून लावला. रात्रीचा एक वाजला. कंदील मात्र दुकानातल्यासारखा झाला.

सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, “किती सुबक केलायस गं!” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “माझा नाहीये तो. आईचा आहे.” आणि आत निघून गेली. मी तो प्रसंग हसण्यावारी नेला. पुढच्या वर्षी दिवाळीआधी कामट्या आणून तिच्यापुढे ठेवल्या, तर म्हणाली, “तूच कर ना. नाहीतरी रात्री तूच करणार.” मला उत्तर सुचले नाही.

त्या वर्षी सासूबाईंनी तिला किल्ल्याच्या कामाला लावले. अंगण नाही म्हणून गॅलरीत. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दोन विटा, एक फुटकी कुंडी आणि उपडे घातलेले जुने डबे. त्यावर चिखलाच्या पाण्यात बुडवलेले गोणपाट पांघरले, की डोंगराच्या घड्या आपोआप पडतात. मग वरून माती थापायची. झाडी उगवायला बहुतेक जण मोहरी टाकतात. सासूबाईंनी हळीव घेतले. हळीव पाण्यात पंधरा मिनिटे भिजले की बुळबुळीत होतात आणि उभ्या कड्यालाही चिकटून राहतात, घरंगळत नाहीत. पाणी ओतायचे नाही, हाताने शिंपडायचे. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. म्हणून वसुबारसेच्या आधी आठवडाभर तरी सुरुवात करावी, आयत्या वेळी माती थापली तर किल्ला बोडकाच राहतो.

किल्ल्याचे एक बरे असते. तो रात्रीतून कोणाला ‘नीट’ करता येत नाही. बुरूज कलला तर कललेलाच राहतो आणि हळीव हवे तेथे न उगवता भलतीकडेच उगवतात. दरवाजा कोणत्या अंगाला ठेवायचा, पाण्याचे टाके कोठे खणायचे, मावळा कोणत्या वाटेने चढेल, यावर आजी आणि नात तासन्‌तास वाद घालत. मी चहा देण्यापुरती गॅलरीत जायची.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांच्या मुलांना किल्ल्याची ही गंमत क्वचितच पाहायला मिळते. त्यांच्यासाठी एक सुचवते. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. १६८९मध्ये रायगडाला मोगलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज याच किल्ल्यात जाऊन राहिले आणि पुढची काही वर्षे स्वराज्याचा कारभार तेथून चालला. करायलाही तो सोपा आहे: तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट. मातीचे तीन ढीग घातले की अर्धे काम झाले. चेन्नई किंवा बंगळुरातल्या घराच्या गॅलरीत हा किल्ला शोभून दिसेल.

आता कंदिलाकडे वळते. त्याच्या पुढच्या वर्षी धाकटी आपणहून कंदिलाला बसली, पण एका अटीवर: मी हात लावायचा नाही. तेव्हा आम्ही कामे वाटून घेतली. तीन कामे माझी: कामट्या तासणे, खळ शिजवणे आणि विजेची जोडणी. बाकीचे सगळे तिचे.

कामट्या बुरूडाकडे किंवा दिवाळीच्या दिवसांत बाजारात मिळतात. दीड फुटाच्या १० आणि चार इंचांच्या ५ लागतात. त्यांना पॉलिशपेपर जरूर मारावा, नाहीतर मुलांच्या बोटात कूस जाते आणि उत्साह तेथेच संपतो. कामट्या मिळाल्याच नाहीत, तर लहान कंदिलाला खराट्याच्या जाड काड्याही चालतात.

खळ करायला दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावा. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालत. तो विषारी असतो आणि मुलांची बोटे तोंडात जातात, तेव्हा तो अजिबात नको. उरलेली खळ दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवता येते.

पेन्सिल न उचलता पाच रेघांत चांदणी काढायला बहुतेक मुलांना येतेच. पाच लांब कामट्या तशाच मांडायच्या आणि टोकांना दोऱ्याने बांधायच्या. अशा दोन चांदण्या करून एकमेकींवर ठेवून पाचही टोके बांधली, की आतल्या बाजूला कामट्या जेथे एकमेकींना छेदतात त्या पाच जागी दोन्ही चांदण्यांच्या मध्ये चार इंचांचे तुकडे उभे अडकवायचे. चपटा सांगाडा टम्म फुगतो. मुलांना हा क्षण फार आवडतो. कागद लावताना खळ कामटीला लावावी, कागदाला नव्हे. ओला पतंगी कागद पटकन फाटतो आणि रंगही सोडतो. मागच्या बाजूचा एक त्रिकोण मोकळा ठेवला तर तेथून दिवा आत सोडता येतो. कागदी कंदिलात एलईडीच घालावा. जुन्या ४० वॅटच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जायची आणि कागद करपायचा. पणती तर आत कधीही ठेवू नये.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना गाठी जमत नाहीत. त्यांच्यासाठी घोटीव कागदाचा कंदील आहेच: कागद लांबीत दुमडून घडीच्या बाजूने बोटभर अंतरावर काप द्यायचे, दोन बोटे कड सोडायची, उघडून गोल चिकटवायचे. आत पिवळ्या कागदाची नळी घालावी. ती बाहेरच्या कागदापेक्षा इंचभर बुटकी ठेवली की बाहेरच्या पट्ट्यांना छान पोट येते. कात्री बोथट टोकाची द्यावी.

हात न लावण्याची अट पाळणे मला सोपे गेले नाही. सुरकुती डोळ्यांपुढे पडत असते, बोटे शिवशिवतात. शेवटी मी माझ्यासाठी वेगळ्या कामट्या घेतल्या आणि तिच्या शेजारी बसून माझा कंदील केला. माझा दारात लागला, तिचा गॅलरीत. तिचा डावीकडे कलला होता. टांगून झाल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहून विचारले, “रात्री उठणार नाहीस ना?” मी नाही म्हटले.

तुळशीचे लग्न झाले की आम्ही कंदील उतरवतो. फाटका कागद काढून टाकायचा, सांगाडे मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. पुढच्या वर्षी नुसता कागद आणावा लागतो. तिच्या सांगाड्यावर तिने स्वतःचे नाव लिहून ठेवले आहे, स्केचपेनने, पाचही कामट्यांवर.