लाल कॅलिपरच्या आधी

ट्रॅक डेला जायचं ठरलं की स्पोर्ट्‌स कारवाल्याचा खिसा आधी मोकळा होतो तो मोठ्या लाल ब्रेक कॅलिपरसाठी. दिसतात झकास, कबूल! पण ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराची सरळ वाट संपताना दीड टनाची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणायची, म्हणजे पाच लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता काही सेकंदांत ब्रेकच्या गळ्यात मारायची. तीही दर फेरीला. तिथे दगा देतं ते बहुतेकदा ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा पितं. ताजं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ लाही उकळू शकतं. मग पाय दाबतो तो नुसती वाफ. पेडल थेट तळाला आणि गाडी आपली सुसाट. म्हणून आधी ताजं ऑइल आणि जास्त तापमान सोसणारे पॅड. (हे पॅड थंड असताना किंचाळतात, धरतही कमी; सोसायटीच्या उतारावर जपून.) हँडलिंगसाठीही कडक स्प्रिंगांआधी पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाची वरची बाजू आत झुकलेली, द्यावा. वळणात टायर नीट टेकतो, बाहेरची कड वाचते. रोजच्या रस्त्यावर मात्र आतली कड लवकर झिजते.