मोठ्या नळीची रायफल व घरीं ओतलेली गोळी

अमेरिकेंतील पुष्कळ शेतकरी व शिकारी शिशाच्या गोळ्या घरींच ओततात आणि उडविलेली पितळी पुंगळी पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळें हें काम परवान्याविना करतां येत नाहीं. परंतु साधन निवडण्याचा त्यांतील विचार कृषकास परका नाहीं.

मोठें काडतूस घ्यावयाचें तर १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमपेक्षां १८७३ सालीं अमेरिकन सैन्यानें स्वीकारलेलें .४५-७० आम्ही पसंत करूं. सत्तर ग्रेन काळी दारू व ४०५ ग्रेनांची शिशाची गोळी, हा त्याचा मूळ हिशेब. मऊ शिसें अतिवेगानें धाडल्यास नळीच्या आट्यांस चिकटतें व नेम बिघडतो. वजनदार गोळीस तेवढा वेग लागतच नाहीं. मॅग्नममध्येंहि हलका भार भरतां येतो, हें खरें. पण मग हत्तीच्या काडतुसाचे पैसे कां मोजावे?

धोका मात्र .४५-७० मध्यें आहे, व तो लहान नव्हे. पुंगळी एकच, परंतु रायफली निरनिराळ्या बळाच्या: जुनी स्प्रिंगफील्ड, मार्लिनची लिव्हरची आणि रुगरची एकबारी. म्हणूनच भारपुस्तकांत तिहींचे तक्ते वेगळे असतात. रुगरचा भार स्प्रिंगफील्डमध्यें गेला तर रायफल फुटून डोळा जावयाचा! ज्याच्या घरीं दोन्ही आहेत, त्यानें सर्व काडतुसें जुनीच्याच तक्त्यानें भरावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. लिव्हरच्या रायफलींत काडतुसें एकामागें एक बसतात. तेथें टोंकदार गोळी नको, चपट्या नाकाची ओतावी. आणि शिसें स्वयंपाकघरांत, मुलांजवळ, कदापि वितळवूं नये.