गाण्याचे निमित्त, अमरावतीचा मुक्काम

सेमाडोहहून अमरावती सुमारे शंभर किलोमीटर. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते; परंतु त्यातील पहिले निम्मे घाटाचे आणि अरण्याचे आहे. सिपनेचे खोरे सोडून घटांगची चढण घ्यावी, बिहालीकडे उतरावे, आणि परतवाडा आले की मग कोठे सपाट प्रदेशाचा मोकळा रस्ता लागतो. म्हणूनच त्या बाजूच्या आपल्या व्यापारी कुटुंबांचे शहरात जाणे तीन कारणांनीच घडते : मालाची खरेदी, दवाखाना आणि लग्नकार्य. गाणे ऐकण्यासाठी जावे, हे चौथे कारण अद्याप कोणाच्या खातेवहीत चढलेले नाही.

मेळघाटातील एका वाचक भगिनीचे पत्र याच विषयावरचे आहे. अमरावतीस एका सेवासंस्थेच्या मदतीसाठी लोकसंगीताचा कार्यक्रम व्हावयाचा आहे. शनिवारची रात्र. त्यांची इच्छा अशी की, त्या निमित्ताने सासूबाई व मुले यांना घेऊन दोन दिवस शहरात काढावेत. यजमानांचे म्हणणे असे की, तिकिटे, गाडी, मुक्काम यांवर जेवढा खर्च होईल तेवढी रक्कम सरळ त्या संस्थेला पाठवून द्यावी. दुकान बंद ठेवून जाण्याचे प्रयोजन काय? ‘आपण निवाडा द्यावा,’ असे भगिनींनी लिहिले आहे.

यजमानांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रवास, भोजन व मुक्काम यांचा खर्च हा आपल्या आनंदाचा खर्च होय. त्याला दानाचे नाव देणे हिशेबाला धरून नाही. तिकिटाच्या रकमेतूनही सभागृहाचे भाडे, ध्वनियोजना, कलावंतांचे मानधन व त्यांचा प्रवास वजा जातो, आणि उरते तेवढेच संस्थेच्या पदरी पडते. केवळ रकमेचाच विचार केला, तर यजमान बरोबर आहेत.

परंतु केवळ रकमेने हा प्रश्न सुटत नाही. आपल्या वऱ्हाडात गाणे आणि दान यांची गाठ फार जुनी आहे, आणि ती बांधणारे पुरुष याच रस्त्यावरचे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. त्यांनी आयुष्यभर गावोगाव कीर्तने केली. त्या कीर्तनांतून जमलेल्या लोकांच्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःकडे मात्र फुटके गाडगे, खराटा आणि चिंध्यांचे वस्त्र. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो मदतनिधीचा संगीत कार्यक्रमच होता. फरक एवढाच की त्याला तिकीट नव्हते आणि श्रोत्यांना उठून जाताना आपल्या व्यसनांची लाज वाटत असे. कीर्तन न ऐकता घरबसल्या पैसे पाठविणारे त्या काळीही असतील. तथापि धर्मशाळेच्या विटेमागे त्या विटेसाठी रात्र जागविलेला माणूस असे, आणि तोच पुढे ती धर्मशाळा सांभाळीत असे.

परतवाड्याहून अमरावतीस येताना वलगावी पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीस नेले जात असताना बाबांनी येथेच देह ठेवला. शहरात गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. सहलीच्या आखणीत मुलांना दाखविण्याजोगे पहिले स्थळ हेच, आणि त्यासाठी वाकडी वाट करावी लागत नाही.

जगातही असे कार्यक्रम झाले आहेत, आणि त्यांतून व्यापाऱ्याने शिकावे असे काही आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर यांच्या आग्रहाने जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एकाच दिवसात दोन कार्यक्रम केले. तिकिटांतून आलेले सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर लवकरच युनिसेफला मिळाले. परंतु ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांचे त्याहून कितीतरी मोठे उत्पन्न अमेरिकेच्या कर खात्याच्या घोळात वर्षानुवर्षे अडकून पडले, कारण धर्मादाय संस्थेची कागदपत्रे कार्यक्रमाआधी नीट झालेली नव्हती. भावना उदात्त, कलावंत थोर, आणि कागद अपुरा! आपल्यापैकी ज्यांनी संस्थांच्या विश्वस्तपदाचा भार वाहिला आहे, त्यांना यावर अधिक सांगणे नलगे.

दुसरे उदाहरण तर आपल्या कापूसपट्ट्याला अगदी जवळचे. अमेरिकेत ‘कंट्री’ नावाचे ग्रामीण संगीत आहे. शेत, घोडा, रेल्वे, कर्ज आणि विरह हे त्याचे विषय. त्यातील नामवंत गायक विली नेल्सन यांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉय राज्यातील शॅम्पेन गावी कर्जबाजारी शेतकरी कुटुंबांसाठी ‘फार्म एड’ हा कार्यक्रम केला. पहिल्याच दिवशी नव्वद लाख डॉलरांच्या आसपास निधी जमला, आणि हा उपक्रम अद्याप चालू आहे. ज्यांच्या जीवनावरची गाणी गाऊन आपण मोठे झालो, त्यांच्याच कामी ते गाणे यावे, ही त्यामागची सरळ दृष्टी.

आपल्याकडे याच जातीचा उपक्रम आनंदवनाने केला. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ उभारलेल्या या वसाहतीतून डॉ. विकास आमटे यांच्या कल्पनेने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद निर्माण झाला. कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर, अपंग असे कलावंत त्यात गातात, वाजवितात, नाचतात. येथे कलावंत आणि मदतीचे अधिकारी एकच आहेत. असा कार्यक्रम पाहणे आणि घरून रक्कम पाठविणे यांत जो भेद आहे, तो खातेवहीत दिसत नाही. पण कुष्ठमुक्त माणसाच्या हातचे पाणी घ्यावे की नाही, असे ज्या घरात एके काळी विचारले जाई, त्या घरातील मुलाने त्याच्यासाठी टाळी वाजविली, तर तो भेद घरात दिसतो.

तेव्हा आमचे मत असे : जावे. परंतु सहलीचा खर्च सहलीच्या खाती आणि दान दानाच्या खाती लिहावे. तिकिटाव्यतिरिक्त वेगळी देणगी द्यावी, आणि देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे काय, मागील वर्षाचा तपासलेला हिशेब ती दाखविते काय, पावतीवर संस्थेचे पूर्ण नाव व क्रमांक छापलेले आहेत काय, आणि कार्यक्रमाचा खर्च एखाद्या प्रायोजकाने उचलला आहे की तिकिटांतून भागवावयाचा आहे. शेवटचा प्रश्न विचारण्यास लोक संकोचतात. व्यापाऱ्याने संकोचू नये. जी संस्था नीट आहे, तिला हा प्रश्न आवडतो. ‘८०-जी’ची करसवलत हवी असल्यास दोन हजारांवरील देणगी रोख देऊ नये, हेही लक्षात असू द्यावे.

आता आखणी. निघावे शनिवारी सकाळी, मुलांची शाळा आधी विचारून. दुपारपर्यंत अमरावती गाठून प्रथम धर्मशाळेत किंवा नातलगांकडे सामान टाकावे. हिवाळ्यात खरी अडचण सूर्यास्ताची आहे. डिसेंबरात अमरावतीस पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कार्यक्रम तर त्यानंतरच सुरू होतो. ज्या घरी रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्यांनी सायंकाळचे जेवण पाचपर्यंत आटोपूनच सभागृहाकडे निघावे. मध्यंतरात उपाहारगृहाच्या गर्दीत सासूबाईंना ताटकळत बसविणे बरे नव्हे. कार्यक्रम उघड्या मैदानावर असेल तर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद होण्याचा नियम आहे. सभागृहात असेल तर लांबू शकतो. वृद्धांसाठी कडेची आसने आधीच सांगून ठेवावीत.

त्याच रात्री परतण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. परतवाड्यानंतरचा रस्ता व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्यातून जातो. वळणे आहेत, धुके असते, आणि रात्री तो रस्ता आपला नसून गव्यांचा, अस्वलांचा व सांबरांचा आहे. भरधाव गाडीखाली मुका जीव आला, तर त्या गाण्याची आठवण आयुष्यभर वेगळीच राहील. मुक्कामाचा खर्च वाचविण्याची ही जागा नव्हे.

रविवारी सकाळी तपोवनात जावे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी स्थापन केलेली ही संस्था शहरालगतच आहे. ज्या कार्यक्रमात आदल्या रात्री गाणे ऐकले, तशा कामाचे दिवसाचे रूप मुलांना येथे दिसेल. मग अंबादेवीच्या परिसरातील बाजारपेठेत जी खरेदी करावयाची ती करावी. कारण दोन दिवस शहरात राहून मालाची चौकशी न करता परतणारा व्यापारी आमच्या तरी पाहण्यात नाही.

एक गोष्ट यजमानांच्या कानावर घालावी. होळीनंतर सेमाडोहच्याच रस्त्यावर कोरकू मंडळी ढोल-बासरीच्या तालावर नाचत फगवा मागतात, आणि दुकानदार गल्ल्यातून काहीतरी देतोच. गाणे ऐकून देण्याची रीत त्यांना अपरिचित नाही. फक्त त्या वेळी आपण दुकानाच्या पायरीवरून उतरत नाही. यंदा मुलांना घेऊन उतरावे. त्यासाठी शंभर किलोमीटर जाण्याचेही कारण नाही.

परतीस दुपारचे जेवण होताच निघावे. चारच्या आत परतवाडा सुटले, म्हणजे घाटात उजेड मिळतो आणि सोमवारी दुकान वेळेवर उघडते.