काचा फुटल्या नव्हत्या, काढल्या!



आमच्या तालुक्यातील एका जुन्या इमारतीच्या ‘सुशोभीकरणा’ची बातमी आपण गेल्या आठवड्यात फोटोसह छापलीत. फोटोत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या चकाकत आहेत. काढून टाकलेल्या सागवानी खिडक्यांबद्दल मात्र बातमीत चकार शब्द नाही.

त्या तावदानांच्या काचा हाताने घडवलेल्या होत्या. वितळलेल्या काचेचा गोळा फुंकणीवर घेऊन लांब नळकांडे फुगवायचे, ते उभे चिरायचे आणि पुन्हा तापवून सपाट करायचे, अशी ती रीत. म्हणून त्यांत बारीक बुडबुडे असत, लाटा असत. व्हरांड्यातून चालताना पलीकडचा कडुनिंब हलल्यासारखा दिसे. 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. वऱ्हाडचा कापूस तिने बंदराकडे गेला आणि विलायती माल इकडे आला; अशा काचाही बहुधा त्यातूनच आल्या. पण हाताने काच घडवण्याची ती रीत आता मागे पडली: इंग्लंडमध्ये 1959 साली वितळलेल्या कथिलावर काच पसरवण्याची रीत जाहीर झाली आणि पुढे जगभर सपाट काच त्याच रीतीने होऊ लागली. म्हणजे फेकलेली तावदाने आता कोणत्याही निविदेत मिळणार नाहीत.

खिडक्या का काढल्या, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘काच जुनी होऊन खाली ओघळली होती.’ साफ चूक! काच अशी ओघळत नाही, वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही नाही. कमी-जास्त जाडी ही तिच्या घडणीतलीच. निघाली होती ती कडेची लांबी, आणि ती भरायला गावचा सुतार पुरला असता.

मुंबईत राजाबाई टॉवर आणि त्याखालच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या 1878 च्या रंगीत काचा निगुतीने दुरुस्त केल्या. 2015 मध्ये ते काम पुरे झाले. तिथे काच वारसा आणि आमच्याकडे भंगार? वारशाच्या रक्षणाचा राज्याचा 1960 चा कायदा जाहीर झालेल्या स्मारकांपुरता. तालुक्याच्या इमारतींना वाली कोण?

शिवाय सरकती खिडकी उघडते अर्धीच. मे महिन्यात आत बसणाऱ्यांनी काय करायचे? आणि ते सागवान कुठे गेले? लिलाव झाला असेल तर रक्कम जाहीर करा. झाला नसेल तर कुणाच्या घरी लागले ते सांगा. जिल्ह्यातील उरलेल्या जुन्या खिडक्यांची यादी होईपर्यंत एकही तावदान काढू नये, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा.

– एक वाचक, चांदूर रेल्वे