शेजारच्या टेबलावरचा फोन

खुल्या कार्यालयात कामाचा विचका होतो तो आवाज फार मोठा असल्यामुळे नव्हे, तर शेजारच्याचे बोलणे शब्दन् शब्द कळते म्हणून. साधे संभाषण एक मीटरवरून मोजले तर 60 डेसिबलच्या आसपास भरते. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसाची मर्यादा 65 डेसिबल आहे. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी 90. हे आकडे कार्यालयाच्या आतल्या भागासाठी नाहीत, पण त्यांच्याशी ताडून पाहिले तर कार्यालय शांतच वाटते. त्यामुळे ‘इथे काम होत नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती दाखवायला आकडा नसतो आणि त्याची तक्रार ‘स्वभावच तसा’ म्हणून बाजूला पडते. हा त्याच्यावर अन्याय आहे. तक्रारीचे कारण मेंदूच्या रीतीत आणि इमारतीच्या बांधणीत आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत ते बरेच नेमके कळले आहे.

लेखा विभागातले एक काम पाहावे. पुरवठादाराच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक संगणकावरच्या क्रमांकाशी ताडायचा आहे. क्रमांक पंधरा अक्षरांचा. महाराष्ट्रातला असला तर सुरुवातीचे 27 पाठच असते, उरलेली तेरा मनात धरून नजर कागदावरून पडद्यावर न्यायची. हे माणूस मनातल्या मनात पुटपुटत करतो. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर फोन येतो: “हो... नाही हो, सोमवारीच पाठवलंय... मग त्यांनाच विचारा ना.” सहाव्या-सातव्या अक्षराशी क्रमांक सुटतो आणि नजर पुन्हा कागदावर जाते. डोळे मिटता येतात, तसे कान मिटता येत नाहीत.

कोल आणि वेल्श या अमेरिकी संशोधकांनी 1976 मध्ये नेमके हेच तपासले. इंग्रजी भाषकांना अक्षरांची रांग दाखवून ती क्रमाने आठवायला सांगितली आणि मागे जर्मन बोलणे लावले. जर्मन समजत नसतानाही चुका वाढल्या. पुढे ब्रिटनमध्ये डिलन जोन्स यांनी दाखवले की, आवाज सतत बदलता असला की मेंदू त्याचाही क्रम आपोआप लावू लागतो आणि तो मनातल्या क्रमाच्या आड येतो. एसीच्या एकसुरी घरघरीने तसे होत नाही. हिंजवडीतल्या एखाद्या मजल्यावर मराठी, हिंदी, तेलुगू, तमीळ कॉल एकाच वेळी चालू असतात. तेलुगू न येणाऱ्यालाही आकडे ताडताना तो कॉल नडतोच. वाचन-लेखनाच्या कामात भाषा कळणे ही आणखी एक अडचण होते, कारण तिथे अर्थाशी अर्थ भिडतो.

फोनचा त्रास समोरासमोरच्या गप्पांपेक्षा जास्त का, याचे उत्तर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दिले. एकाच बाजूचे बोलणे कानी पडले की पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून लक्ष तिकडे अधिक खेचले जाते. त्याच विद्यापीठातले गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांचा 2000 सालचा प्रयोग तर प्रत्येक व्यवस्थापकाने वाचावा असा आहे. कारकुनी काम करणाऱ्या चाळीस महिलांपैकी काहींना तीन तास शांत जागेत आणि काहींना खुल्या कार्यालयातल्या सौम्य आवाजात बसवले. टंकलेखनात फरक पडला नाही. आवाजात बसलेल्यांच्या शरीरात मात्र ॲड्रेनलिन वाढलेले आढळले, नंतर दिलेली अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली आणि खुर्ची-टेबल सोयीचे करून घेण्याचे भानही त्यांना कमी राहिले. ताण वाटतो का, असे विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरे सारखीच होती. म्हणजे माणसाला सवय झाली असे वरून दिसते, तेव्हाही शरीर किंमत मोजतच असते.

आवाजाच्या गणितात एक उलटी गोष्ट आहे. दीडशे माणसांनी भरलेल्या मजल्यावर अनेक बोलणी एकमेकांत मिसळतात आणि कोणतेच शब्द वेगळे उरत नाहीत. हायब्रिड पद्धतीमुळे अर्ध्या रिकाम्या मजल्यावर चारच जण बोलत असतील, तर चौघांचेही शब्द टोकापर्यंत पोचतात. एसी यंत्रणा जितकी नवी आणि मूक, तितके हे अधिक. त्यामुळे ‘आज माणसे कमी, तरी काम होईना’ ही तक्रार खरी असते.

खुल्या कार्यालयाची आजची कल्पना 1950 च्या दशकाअखेरीस जर्मनीत, हॅम्बुर्गजवळच्या क्विकबॉर्नमध्ये श्नेले बंधूंनी रुजवली. त्यांच्या रचनेत जाड गालिचे, पडदे आणि कुंड्या होत्या. अमेरिकेत 1968 मध्ये रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी तीन बाजूंनी उभ्या पाट्या (पार्टिशन) असलेली मांडणी काढली. क्युबिकलचे मूळ तिच्यात आहे. जागेचे भाडे वाढले तशा पाट्या ठेंगण्या झाल्या, मग गेल्याच. खराडी, ऐरोली किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नव्या कार्यालयांत आज अनेकदा दिसतात त्या व्हिट्रिफाइड फरश्या, काचेच्या भिंती आणि फॉल्स सीलिंग काढून उघडे ठेवलेले डक्ट. यातले काहीही आवाज शोषत नाही. त्यात एटिएन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने शतकापूर्वी नोंदवलेला परिणाम घडतो: भोवती आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, आणि सगळेच चढवतात. भिंती काढल्याने माणसे एकमेकांशी जास्त बोलतील, ही मूळ आशाही खरी ठरलेली नाही. बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, खुल्या जागेत गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले.

उपायांत पहिला मान छताचा. टेबलावरून निघालेला आवाज छतावर आदळून पाट्यांच्या वरून पलीकडे उतरतो, म्हणून छत शोषक नसेल तर पाट्यांवरचा खर्च बराचसा वाया जातो. मिनरल फायबरच्या टाइल्स, उघडे छत हवेच असेल तर त्याखाली टांगलेल्या शोषक पट्ट्या, जमिनीवर कार्पेट टाइल, आणि बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच पाटी, हे सगळे एकत्र लागते. कुंड्यांनी डोळ्यांना बरे वाटते; आवाजावर त्यांचा परिणाम नगण्य. यानंतरही बोलणे ऐकू येत असेल तर छतातल्या स्पीकरमधून 40 ते 45 डेसिबलचा मऊ, एकसारखा सों-सों आवाज सोडतात. त्याला साउंड मास्किंग म्हणतात. आवाजावर आवाज हा उतारा विचित्र वाटतो, पण त्याने दूरच्या बोलण्यातले शब्द पुसले जातात. छत आणि पाट्या न सुधारता नुसते मास्किंग लावणे मात्र चुकीचे.

हेडफोनवर फार भिस्त ठेवली जाते. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन उलटी ध्वनिलहर सोडून खालच्या पट्टीतली सलग घरघर उत्तम कापतात. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः वरच्या पट्टीतल्या व्यंजनांवरून, आणि तिथे या तंत्राचा जोर कमी पडतो. कानाभोवतीची गादी अडवेल तेवढेच. कधी तर एसीची घरघर गेल्यामुळे शेजारचे बोलणेच अधिक उठून येते. त्यामुळे हेडफोनमध्ये पावसाचा किंवा झऱ्याचा मंद आवाज लावलेला बरा. गाणे लावायचे तर शब्दांशिवायचे, म्हणजे सतार किंवा बासरी. आवडते भावगीत हेही मेंदूच्या लेखी बोलणेच. आवाज वाढवत नेण्यातही धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ही मोठ्यांसाठी वरची मर्यादा आहे, आणि कामाचा आठवडाच जवळपास तेवढा असतो. मुळात इमारतीचा दोष कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशातून आणि कानांतून भरून काढावा, ही व्यवस्था न्याय्य नाही.

मजल्यावरचे नियम साधे असले तरच पाळले जातात. कॉल फोन बूथमध्ये किंवा छोट्या खोलीत घ्यायचा, स्पीकरफोन मजल्यावर लावायचा नाही, सकाळची स्टँडअप बैठक टेबलांच्या मधोमध नको. दिवसभर फोनवर बोलणारा विक्री विभाग आणि लेखा विभाग यांच्या मध्ये पॅन्ट्री किंवा कपाटांची रांग आली तरी फरक पडतो. खोल्या पुरेशा नसतील तर हे नियम करण्यात अर्थ नाही. जिन्यात उभे राहून ग्राहकाशी बोलणारा कर्मचारी नियम पाळत असतो, सोय कंपनीने केलेली नसते.

कार्यालयाच्या आतला आवाज मोजायचे मापही आता आहे. आयएसओ 3382-3 हे मानक 2012 मध्ये आले आणि 2022 मध्ये सुधारले गेले. बोलणाऱ्यापासून किती मीटरवर शब्द नीट कळेनासे होतात, ते अंतर त्यात काढतात. 2012 च्या आवृत्तीतल्या नमुना निकषांप्रमाणे 5 मीटर किंवा कमी असेल तर मजला चांगला, 10 च्या पुढे गेले तर वाईट. नव्या जागेचा करार करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने हा आकडा इंटिरियर ठेकेदाराकडून लेखी मागून घ्यावा, आणि तो छताचे काम सुरू होण्याआधी मागावा. माणसे बसल्यावर छत बदलणे कितीतरी महाग पडते.