वापरलेली स्पोर्ट्स कार : फरक कोणता, बिघाड कोणता?

पासबुकातील शिल्लक आणि दुकानाच्या रोकडवहीतील शिल्लक जुळत नाही, तेव्हा जाणता मुनीम लगेच चोरीचा संशय घेत नाही. तो मेळपत्रक मांडतो. काही फरक निव्वळ वेळेचे असतात. दिलेला धनादेश अद्याप वटलेला नसतो. काही नोंद राहिल्यामुळे पडतात. बँकेने आकारलेले शुल्क वहीत चढलेले नसते. या दोहोंची वजावट झाल्यावर जो उरतो, तोच खऱ्या चुकीचा फरक. वापरलेली स्पोर्ट्स कार घरी आणल्यानंतर पहिल्या महिन्यात जे अनुभव येतात, त्यांच्याकडेही याच शिस्तीने पाहावे.

ठेवी, विमा आणि कर्जे यांच्या या सदरात मोटारीचा विषय काहींना वेगळा वाटेल. परंतु आपल्या व्यापारी घरांतील तरुण मंडळी अशा गाड्या आता हौसेने घेऊ लागली आहेत आणि नवीची किंमत पटत नाही म्हणून वापरलेली घेत आहेत. हा खर्च योग्य की अयोग्य, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. गाडी दारात उभी राहिली की मात्र प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही, तो जिवाचा होतो.

माझ्या परिचयातील पुण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्यांच्या चिरंजीवांनी 2010 सालची पोर्शे बॉक्स्टर घेतली. दोन आसनांची, छत उघडणारी, इंजिन आसनांच्या मागे पण मागच्या चाकांच्या आसापुढे बसवलेले. ‘अवघी 19,000 किलोमीटर चाललेली’ या एका गुणावर विकणाऱ्याने भाव ताणून धरला होता. आठ दिवसांत तक्रारींची यादी तयार झाली. महामार्गावर स्टिअरिंग आपोआप डावीउजवीकडे ओढले जाते. मागचा स्पॉयलर वर येत नाही. दार उघडताना काच थोडी खाली सरकते. डॅशबोर्डवर स्थैर्य-नियंत्रणाचा पिवळा दिवा जळतो. गतिरोधकावरून जाताना खट्ट आवाज येतो. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, ओल्या घाटातील एका वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला. समोरून वाहन येत नव्हते, म्हणून निभावले.

शेठजी म्हणाले, “साहेब, गाडी अवलक्षणी आहे. येईल त्या भावाला काढून टाकू.” चिरंजीव म्हणाले, “काका, गाडीत काही दोष नाही, माझा हात अजून बसायचा आहे.” मी दोघांना एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखायला सांगितले : स्वभाव, जुळवणी आणि बिघाड.

पहिला रकाना स्वभावाचा. दाराला वरची चौकट नसल्यामुळे काच छताच्या रबरात घट्ट बसलेली असते. दार मोकळेपणी उघडावे म्हणून ती आपणहून किंचित खाली उतरते. हा दोष नव्हे, सोय आहे. स्पॉयलर ताशी 120 किलोमीटरच्या सुमारास वर येतो आणि वेग 80 पर्यंत उतरला की मिटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना 100 ची मर्यादा आहे, म्हणजे नियम पाळणाऱ्याला तो तेथे दिसायचाच नाही. त्याची परीक्षा घेण्यासाठी वेग वाढवण्याचे कारण नाही; उभ्या गाडीत बटण दाबून पाहता येते. छताचेही तसेच : ताशी 50 किलोमीटरपर्यंतच ते उघडते वा मिटते, त्यापुढे ते हलत नाही. रुंद टायर काँक्रीटवरील लांबट खाचा व चाकोऱ्या पकडतात, म्हणून स्टिअरिंग हातात किंचित वळवळते. मऊ सेडान चालवलेल्या हाताला ते विचित्र वाटते.

याच रकान्यात वळणावरचा स्वभावही लिहिला पाहिजे. अशा गाडीचे वजन मागच्या चाकांकडे थोडे अधिक असते. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला की भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर सरकू पाहतो. उपाय पायाच्या शिस्तीत आहे. वेग कमी करायचा तो वळणापूर्वी, चाके सरळ असताना. वळणात ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवायचा. आणि स्थैर्य-नियंत्रण बंद करणाऱ्या बटणाला सार्वजनिक रस्त्यावर हात लावायचा नाही.

दुसरा रकाना जुळवणीचा. येथे खर्च थोडा आणि लाभ मोठा. बॅटरी काढून नवी बसवल्यावर स्टिअरिंग किती वळले आहे याची गाडीची आठवण पुसली जाते आणि पिवळा दिवा लागतो. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे व एकदा पूर्ण उजवीकडे फिरवल्यावर तो बहुधा विझतो. येथेही तो विझला. त्यानंतरही राहिला असता, तर त्याची जागा तिसऱ्या रकान्यात होती.

मग हवेचा दाब. पेट्रोल पंपावर चारही चाकांत एकच आकडा भरण्याची आपली सवय आहे. या गाडीत पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद. दोहोंचा दाब निरनिराळा सांगितलेला असतो. तो मालकपुस्तिकेत पाहावा आणि गाडी चालून तापण्यापूर्वी भरावा. त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून आधीचे व नंतरचे असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत. गाडी डावीकडे ओढली जात असेल, तर आधी रस्त्याचा उतार पाहावा. पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते कडेकडे उतरते असतात. सपाट रस्त्यावरही ओढ राहिली, तर मग अलाइनमेंट वा टायर यांचा विचार करावा. विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. केवळ ब्रेक दाबताना थरथरत असेल, तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात.

आता तिसरा रकाना, खऱ्या बिघाडाचा. खट्ट आवाज सस्पेन्शनच्या झिजलेल्या बुशचा निघाला. बुश बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावे लागते, म्हणून बुश आधी आणि अलाइनमेंट नंतर. हा क्रम उलटला तर एकाच कामाचे पैसे दोनदा जातात.

घाटातल्या प्रसंगाचे मूळ मात्र टायरमध्ये होते. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर 1814 होते, म्हणजे 2014 सालचा अठरावा आठवडा. दहा वर्षे उलटून गेली होती. नक्षी बाहेरून उत्तम दिसत होती. गाडी उचलून पाहिली तेव्हा आतली कड झिजलेली आढळली. मागची चाके वरच्या बाजूला किंचित आत झुकलेली असल्यामुळे अशा गाड्यांत आतली कड आधी झिजते आणि उभ्याने पाहणाऱ्याला ती दिसत नाही. आधीच्या मालकाने पुढचे दोनच टायर नवे घातले होते. पुढे पकड नवी आणि मागे रबर कडक झालेले, ही ओल्या रस्त्यावरची सर्वांत वाईट जोडी. त्यात वळणावर पाय उचलला गेला, आणि स्वभाव व बिघाड एकाच क्षणी एकत्र आले.

येथे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. गोदामात दहा वर्षे पडून राहिलेला माल विकला गेला नाही, म्हणून नवा राहत नाही. कमी किलोमीटर हा गुण खरा, पण रबर, ब्रेक ऑइल आणि बॅटरी यांचे आयुष्य अंतराबरोबर दिनदर्शिकेनेही मोजावे लागते. पावसाळ्यापूर्वी छताच्या पन्हळीतील निचऱ्याची छिद्रे पालापाचोळ्याने बुजली नाहीत ना, हेही पाहावे; नाहीतर पाणी आत उतरून गालिच्याखाली साचते आणि विद्युत जोडण्या खराब करते.

एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा चालवून तारखेसह नोंद ठेवावी. ताळेबंदातील फरक शोधताना दोन नोंदी एकदम बदलल्या की कोणत्या नोंदीने फरक मिटला हे कळत नाही. चाचणीसाठी गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी विमा आपल्या नावावर झाला आहे ना, याची खात्री करावी. हस्तांतरणापासून 14 दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते.

सहा तक्रारींपैकी तीन स्वभावाच्या निघाल्या, एक जुळवणीची, आणि दोनच बिघाडाच्या. त्या दोहोंपैकी एक जिवावरची होती. यादी मांडली नसती, तर शेठजींनी सहाही दोषांच्या भावाने गाडी तोट्यात विकली असती. किंवा चिरंजीवांनी हात बसेल या भरवशावर तेच टायर पुढच्या पावसाळ्यातही वापरले असते. ज्यांच्या घरी अशी गाडी आली आहे, त्यांनी तिची धूळ पुसण्याआधी मागच्या टायरवरचे चार आकडे वाचावेत.